न दुखणाऱ्या पायाची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ज्येष्ठ महिना सरत आला की त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर मागे टाकून आमच्या मिरजगावच्या वाटेला लागते. पुढे कर्जत, करमाळा आणि मग पंढरपूर. दिंड्या गावात उतरल्या की ज्याला जमेल ती सेवा जो तो करतो. कुणी भाकरी थापतो, कुणी पाण्याची टाकी भरून ठेवतो. आमच्या लहानपणी आम्हा पोरांकडे एक ठरलेलं काम असे, म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय धुऊन त्यांना कोमट तेल चोळायचं. आठ-दहा दिवसांची चाल झालेली असायची. टाचांना भेगा, बोटांना फोड. जरा जोरात दाबलं की म्हातारबाबा ‘स्स’ करून पाय मागे घ्यायचे आणि आम्ही हसायचो.

एका वर्षी एक बाबा असे आले की त्यांनी ‘स्स’ केलंच नाही. त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसलेला होता. भोवतीचं मांस पांढरं पडलेलं, दाबलं की पू येत होता. आम्ही घाबरलो. बाबा मात्र शांतपणे टाळ पुसत बसले होते. ‘काटा मोडलाय बाबा,’ असं सांगितल्यावर त्यांनीच आश्चर्यानं पाय वर करून पाहिला. आम्हा पोरांना वाटलं, ही विठ्ठलाची कृपा. देव भक्ताला दुखू देत नाही.

खूप वर्षांनी आमच्याच घरात तसाच पाय पाहिला, तेव्हा ती कृपा नव्हती हे कळलं. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. साखरेचा आजार जुना. ज्वारी काढलेल्या रानातून येताना धसकट चप्पल फोडून पायात घुसलं. तात्यांना पत्ता नाही. चौथ्या दिवशी वास यायला लागला म्हणून काकूनं पाहिलं. आधी अंगठा गेला आणि दीड महिन्यात गुडघ्याखालचा पाय गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जाई, ‘शुगरनं पाय खाल्ला.’

आज मला बोलायचं आहे ते या वाक्याबद्दल. शुगर पाय खात नाही. मग पाय जातो कसा, हे माणसाला कसं आणि कुठे कळलं, याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग मधुमेहाच्या दवाखान्यात घडलाच नाही. तो कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत घडला. आणि त्याचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यात, मिरजगावच्या शेजारच्या तालुक्यात येऊन पोहोचतो.

मुंग्या आणि मुंग्या येणे

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगितली आहेत. त्यांत लघवीकडे मुंग्या धावतात हे लक्षण आहे, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्याच यादीत आणखी एक लक्षण आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. हातापायांना बधिरपणा येणं आणि त्यांची आग होणं. म्हणजे साखर आणि बधिर पाय यांची जोडी आपल्या वैद्यांनी फार पूर्वी पाहून ठेवली होती. आजही मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरांना हेच सांगतो, ‘पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही.’

या निरीक्षणाचं पुढे फारसं काही झालं नाही, कारण तीव्र मधुमेह झालेली माणसं, विशेषतः मुलं आणि तरुण, फार काळ जगतच नसत. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं गेलं. मरणाच्या दारातली माणसं उठून बसू लागली, वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगू लागली. आणि मग जे दुखणं पूर्वी दिसायला वेळच मिळत नव्हता, ते समोर आलं. पाय काळे पडू लागले.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एलियट जोस्लिन नावाचे मधुमेहाचे मोठे डॉक्टर होते. १९३४ मध्ये त्यांनी या पाय सडण्याच्या संकटावर एक लेख लिहिला. हे संकट आभाळातून पडत नाही, ते इथे जमिनीवर, आपल्याच हयगयीतून उगवतं, असा त्याचा मथितार्थ. ज्यांच्या पायांची रोज निगा राखली जाते त्यांचे पाय टिकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांच्या रुग्णालयात पाय धुणं, नखं कापणं, चपला-बूट तपासणं हे उपचाराचाच भाग मानलं जाई.

तरीही एक कोडं सुटलेलं नव्हतं. ज्याचा पाय फाटला आहे तो माणूस त्यावर चालतो कसा? डॉक्टरांचं लक्ष रक्तवाहिन्यांवर होतं. रक्त पोहोचत नाही म्हणून पाय मरतो, असं ते म्हणत. ते काही रुग्णांत खरंही होतं. पण ज्यांच्या पायांत रक्त नीट खेळत होतं त्यांनाही तळव्यात खोल, गोल, न दुखणाऱ्या जखमा होत. त्या का होतात, याचं उत्तर मिळालं ते बोस्टनपासून हजारो मैलांवर, तमिळनाडूत.

वेल्लोरचे उंदीर

पॉल ब्रँड हे इंग्रज मिशनरी दांपत्याचे चिरंजीव. जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत. लंडनला शल्यचिकित्सा शिकून १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात त्यांनी पहिल्यांदा कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात हातात घेऊन पाहिले. अशा एका हाताची पकड त्यांना चांगलीच जोरकस लागली. ब्रँड चमकले. हा हात मेलेला नाही, यात ताकद शिल्लक आहे, मग याची बोटं झडली कशी?

त्या काळी सगळे मानत, डॉक्टरसुद्धा मानत, की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं गळून पडतात. ब्रँड यांनी रुग्णांवर बारीक नजर ठेवायला सुरुवात केली. गंजलेल्या कुलपात किल्ली अडकली तर रुग्ण ती हाडापर्यंत बोट चिरेस्तोवर पिळत राही. चुलीतला बटाटा कुणी हातानं काढून घेई. कुणी पायात खिळा घेऊन दिवसभर हिंडे. जखमा आपोआप होत नव्हत्या. त्या रोजच्या कामात होत होत्या आणि कुणाला कळत नव्हत्या.

तरी एक गोष्ट उलगडेना. वसाहतीतल्या काही जणांच्या बोटाचा तुकडा रात्रीतून नाहीसा होई. संध्याकाळी असलेलं बोट सकाळी नाही. मग काही रुग्णांनी रात्रभर जागून पाहिलं. उंदीर येत होते. झोपलेल्या माणसाचं बोट कुरतडत होते आणि माणूस घोरत पडलेला असे. त्या दिवसापासून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतकं स्वस्त औषध क्वचितच सापडलं असेल.

ब्रँड यांच्या स्वतःच्या बाबतीतही एक प्रसंग घडला, तो त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. १९५० च्या दशकात लांबच्या प्रवासानंतर ते लंडनमध्ये मुक्कामाला उतरले होते. रात्री मोजा काढताना टाचेला संवेदना नाही असं जाणवलं. सुई टोचून पाहिली. काही नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या विचारात त्यांनी सारी रात्र तळमळत काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ मस्तकात गेली. प्रवासात एकाच स्थितीत बसून शीर दबली होती, एवढंच. दुखलं म्हणून देवाचे आभार मानणारा डॉक्टर विरळा. वेदना ही शिक्षा नसून राखण आहे, हा विचार त्यांनी पुढे जन्मभर मांडला.

लंगडणाऱ्याचा पाय वाचतो

हात दिवसातून काही वेळ काम करतो. पाय मात्र उठल्यापासून निजेपर्यंत राबतो. म्हणून ब्रँड आणि त्यांचे सहकारी पायांच्या मागे लागले. त्यांनी पाहिलं की तळव्याची जखम बहुधा एकाच मोठ्या घावानं होत नाही. एकाच जागी हजारो पावलं दाब पडत राहतो. तिथे आधी घट्टा धरतो, मग आत रक्त साकळतं आणि शेवटी जखम उघडते. पुढे अमेरिकेत उंदरांच्या तळव्यांवर यंत्रानं रोज हजारो वेळा हलका दाब देऊन हीच गोष्ट सिद्ध झाली. एका दाबानं काहीच होत नाही. तोच दाब दिवसामागून दिवस पडला की मांस लाल होतं, गरम होतं आणि फुटतं.

मग तुमचा-माझा पाय का फुटत नाही? कारण आपण लंगडतो. नवी चप्पल चावली की आपण नकळत पाय तिरका टाकतो, भार दुसऱ्या बाजूला देतो, बांधावर टेकतो, चप्पल काढून हातात घेतो. हे सगळं आपल्याकडून वेदना करवून घेते. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो ऐटीत, सरळ, त्याच जखमेवर चालत राहतो. लंगडणाऱ्याची आपण थट्टा करतो, पण खरं तर लंगडणं हीच पायाची ढाल आहे. ज्याच्याकडून ती ढाल गेली त्याला दुसरी द्यायला हवी.

ती दुसरी ढाल दोन प्रकारची निघाली. पहिली म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेली सँडल. या रबराला ‘एमसीआर’ म्हणतात. आत मऊ तळ आणि बाहेर काटा-खिळा घुसणार नाही असा कडक तळ. मागे पट्टा, म्हणजे चप्पल निसटत नाही. देशभरातल्या कुष्ठरोग दवाखान्यांत हीच काळी सँडल वाटली जाई. दुसरी ढाल प्लास्टरची. जखम झालेल्या पायाला तळव्यापासून पोटरीपर्यंत अंगाबरोबर बसेल असं प्लास्टर घालायचं, म्हणजे भार साऱ्या पायावर वाटला जातो आणि जखमेला विसावा मिळतो. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा या विसाव्यानं काही आठवड्यांत भरू लागल्या. मलम तेच होतं. फक्त त्या जागेवर पाऊल पडणं थांबलं होतं.

कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्यासमोर मधुमेहाचे पाय आले आणि त्यांनी ते ओळखले. जखमेची जागा तीच, तिचा आकार तोच आणि जखमेवर चालणाऱ्या माणसाचा निवांतपणाही तोच. रोग वेगळा, पण नसा मेल्याचा परिणाम एकच. वेल्लोरचं प्लास्टर, मऊ तळाची पादत्राणं, रोज पाय पाहण्याची शिस्त, हे सगळं कारव्हिलमार्गे मधुमेहाच्या दवाखान्यांत गेलं.

याच परंपरेतून एक साधं हत्यार जगभर पसरलं. नायलॉनचा एक जाडसर धागा. तो तळव्याला टेकवून दाबला की ठरावीक दाबाला, १० ग्रॅम भाराला, वाकतो. रुग्णानं डोळे मिटायचे आणि धागा टेकला की ‘हो’ म्हणायचं. ज्याला तो स्पर्श कळत नाही त्याचा पाय धोक्यात. वीज लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची वर्षातून एकदा तरी अशी तपासणी व्हावी, असं आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात.

जे ज्ञान समाजानं गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या पायांवरून मिळालं, ते आज बंगल्यात राहणाऱ्यांचेही पाय वाचवतं. आपण ज्यांची सावली टाळली त्यांचं हे ऋण आहे. ते निदान तोंडानं तरी मान्य करायला हवं.

जामखेडचा धडा

आता नगर जिल्ह्याकडे वळू. १९५० च्या दशकात, ब्रँड वेल्लोरला असतानाच, तिथे रजनीकांत आरोळे आणि मेबल हे दोघे वैद्यकीय शिक्षण घेत होते. दोघांनी लग्न केलं आणि आयुष्य खेड्यासाठी द्यायचं ठरवलं. १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केलं. तिथे त्यांच्या ध्यानात आलं की रुग्णालयात येणारी बहुतेक दुखणी गावातच टळण्यासारखी आहेत. बरा करून पाठवलेला रुग्ण पुन्हा त्याच पाण्यात, त्याच चिखलात जातो. पुढे अमेरिकेत शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. जामखेड म्हणजे आमच्या कर्जतला लागूनच. तशीच कोरडवाहू ज्वारीची रानं, तोच १९७२ चा दुष्काळ, ऊसतोडीला जाणाऱ्या त्याच बैलगाड्या.

आरोळ्यांनी प्रत्येक गावाकडून एक बाई मागितली. डॉक्टर नको, नर्स नको, गावानं निवडलेली बाई. बऱ्याच जणी निरक्षर, अनेक दलित समाजातल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवत. बाळंतपण, जुलाब, लसी याबरोबर त्यांना एक अवघड काम दिलं होतं, कुष्ठरोगाचं. अंगावरचा बधिर चट्टा ओळखायचा, त्या माणसाला औषध चालू करायचं आणि गावाला त्याच्या हातचं पाणी प्यायला शिकवायचं. जामखेडनं कुष्ठरोग्यांसाठी वेगळी कोठडी ठेवली नाही. बाकीच्या रुग्णांबरोबरच त्यांच्यावरही उपचार केले. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडला आणखी एक गोष्ट झाली. कृत्रिम पाय बनवण्याचं वर्कशॉप. जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा ‘जयपूर फूट’ तयार केला होता. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी केलेला असे. जयपूर फूट घालून चिखलात उतरता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. जामखेडच्या वर्कशॉपमध्ये फार न शिकलेल्या कारागिरांनी हे पाय बनवायला घेतले आणि पाय गमावलेला शेतकरी पुन्हा रानात जाऊ लागला.

मला यातून एक साधी गोष्ट दिसते. पाय गेल्यावर तो करून देणारा कारागीर गावातला असू शकतो. मग पाय जाऊ नये म्हणून पाहणारा माणूसही गावातला का नसावा? जी बाई पाटी-पेन्सिल न धरता बधिर चट्टा ओळखायला शिकली, तिच्यासारख्या हजारो आशाताई आज महाराष्ट्रात घरोघर जातात. तिशी ओलांडलेल्यांची माहिती घेऊन त्यांना मधुमेहाच्या तपासणीला पाठवणं हे आता त्यांचं काम आहे. त्यांनी साखर विचारताना एकदा ‘पाय दाखवा’ एवढं म्हटलं, तर किती पाय वाचतील!

पायाचं वर्ष

२००५ हे साल या इतिहासातलं वळण आहे. त्या वर्षी जागतिक मधुमेह दिनाचा विषयच पायांची काळजी हा होता. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानं त्या नोव्हेंबरचा अंक या प्रश्नाला दिला. जगात दर ३० सेकंदांना मधुमेहामुळे कुणाचा तरी पाय कापला जातो, हे वाक्य मुखपृष्ठावर छापून आलं. त्याच सुमारास भारतात आणि टांझानियात ‘स्टेप बाय स्टेप’, म्हणजे पावलागणिक, असा एक प्रकल्प चालला होता. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे त्याच्या भारतातल्या प्रमुखांपैकी एक. त्याची कल्पना जामखेडच्या जवळची होती. गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना बोलवायचं, पाय तपासायला, घट्टा काढायला, जखमेचा भार हलका करायला शिकवायचं आणि जरुरीपुरती हत्यारं हातात देऊन परत पाठवायचं. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. अरुण बाळ यांच्यासारख्यांनी मधुमेही पायाचं हे शास्त्र देशातल्या सर्जनांपर्यंत पोहोचवलं. पाय कापणं ही हार आहे, हे आता सर्जनच सांगू लागले.

ज्यांचा पाय कापावा लागतो त्यांतल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना सुरुवातीला साधी जखम झालेली असते, असं जाणकार सांगतात. फोड, काटा, चपलेचा चावा, नखाचा कोपरा. म्हणजे संकट सांगून येतं. फक्त दुखून सांगत नाही.

आणि आता हा प्रश्न शहरांपुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मिरजगावच्या बाजारात औषधाच्या दुकानासमोर उभं राहिलं तरी हे दिसतं. पूर्वी खोकल्याचं औषध मागणारे लोक आज शुगरच्या गोळ्यांची पाकिटं खिशात घालतात आणि ऊन चटके देत असताना झिजल्या स्लिपरवर रानाकडे निघतात.

कंदिलाच्या उजेडात

शहरातल्या पुस्तकातले नियम आपल्या रानात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून आपल्या सवयी डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

आपल्याकडे काटा मोडला किंवा टाचेला भेग पडली की बिब्ब्याचा चटका देतात, रुईचा चीक लावतात. ज्याला चटका कळतो त्याचं निभावतं. बधिर पायाला बिब्बा म्हणजे आगीशी खेळ. कातडी जळून जाते आणि माणूस म्हणतो, ‘आज मुळीच भाजलं नाही.’ तसंच पाय शेकण्याचं. थंडीत आग होणारे पाय चुलीपाशी धरले, कढत पाण्यात बुडवले की फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी दिसतात. पाणी कोमट आहे की कढत, हे पायानं पाहू नये. कोपरानं पाहावं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला पाहायला सांगावं.

घट्टा किंवा कुरूप ब्लेडनं कापू नये. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. पाय रोज धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, म्हणजे चिखल्या होत नाहीत. टाचांना तेल किंवा व्हॅसलिन लावावं, बेचक्यांत लावू नये. घरातसुद्धा अनवाणी हिंडू नये. देवळाच्या आवारात चप्पल काढावी लागते हे खरं, पण चैत्र-वैशाखात दुपारच्या तापलेल्या फरशीवर बधिर पायानं प्रदक्षिणा घालू नये. सकाळी लवकर जावं. देव तेव्हाही जागाच असतो.

पायताण घालण्यापूर्वी ते झटकावं आणि आत हात फिरवावा. विंचवासाठी आपण ते करतोच. आता ते खड्यासाठी, वर आलेल्या खिळ्यासाठी करायचं. रानात टायरच्या तळाची का होईना, काटा न शिरणारी आणि मागे पट्टा असलेली चप्पल हवी, आणि तिच्या आत मऊ तळ हवा. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. तंबाखू, विडी सोडावी. ती पायाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडवते. साखर ताब्यात ठेवणं तर आहेच, कारण नसा वाचतात त्या त्यानंच.

आणि सर्वांत मोठा नियम ब्रँड यांच्या रुग्णांनी शिकवलेला. रोज संध्याकाळी पाय पाहावेत. पाहणं हीच बधिर पायाची वेदना. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. नजर अधू असेल तर नातवाला बसवावं. लाली, फोड, चीर, ओल, काळसर डाग, वास, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये. जखम नसतानाही एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला वाटला तरी थांबू नये. बधिर पायात आतल्या आत हाडं मोडत असतात आणि तेही दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग बरं आहे,’ हे आपलं नेहमीचं गणित इथे उलटं आहे.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरात त्या वेळी साखर मोजण्याची हयगय नव्हती. गोळ्या वेळेवर होत्या. चहा बिनसाखरेचा होता. फक्त त्यांच्या तळव्याकडे चार दिवस कुणी पाहिलं नाही. मीही त्या चार दिवसांत दोनदा त्यांच्या पाया पडलो होतो. वाकलो, हात लावला आणि उठलो. पायांवर डोकं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण त्यांच्याकडे बघायची नाही.

पालखी अजूनही दर वर्षी येते. आता आमची नातवंडं तेलाची वाटी घेऊन बसतात. मी त्यांना एक सांगून ठेवलं आहे. पाय चोळायच्या आधी तळवा उजेडाकडे करा आणि नीट पाहा. जो बाबा ‘स्स’ करतो त्याला तेल लावा आणि जाऊ द्या. जो ‘स्स’ करत नाही त्याला बसवून ठेवा आणि मला हाक मारा.